शेवटचा खर्रा किती वाजता?

सकाळचे सात वाजून बेचाळीस मिनिटं. रोशनी शेंडे सीटी स्कॅनची ट्यूब तापवत होती. यंत्र रात्रभर थंड राहतं. त्यात एकदम पूर्ण ताकदीने विद्युतदाब सोडला तर ट्यूब तडकू शकते, म्हणून आधी रिकाम्या टेबलावर हलके फेरे घ्यावे लागतात. तेवढ्या वेळात ती रोजच्या तपासणीचा तक्ता भरते. खोलीचं तापमान बावीस. ऑक्सिजन सिलिंडर भरलेला. शिशाचे एप्रन तीन. सातव्या ओळीत ‘इंजेक्टर’ असं छापलेलं आहे. त्यापुढे तिने लिहिलं : बंद.

हा शब्द ती चौदा महिने रोज लिहीत होती.

इंजेक्टर खोलीच्या कोपऱ्यात, ऑपरेशन थिएटरच्या जुन्या हिरव्या चादरीखाली उभा असतो. माणसाच्या उंचीचा दांडा, त्यावर दोन जाड सिरिंज. दंडाच्या शिरेतून रंगद्रव्य ठरलेल्या वेगाने, एका झोतात आत ढकलणं हे त्याचं काम. हे द्रव्य रक्तातून मेंदूकडे जात असताना फोटो घेतले की रक्तवाहिन्या पांढऱ्या उमटतात आणि कुठली नळी कुठे तुंबली ते दिसतं. ही झाली अँजिओग्राफी. तेच फोटो मिनिटभर पुन्हा पुन्हा घेत राहिलं, तर मेंदूच्या कोणत्या भागात रक्त उशिरा पोचतंय, कुठे पोचतच नाही, हेही मोजता येतं. म्हणजे कोणता भाग मेला आणि कोणता अजून वाचवता येईल, हे कळतं. त्याला पर्फ्युजन म्हणतात. या यंत्राच्या पडद्यावर पर्फ्युजनचं बटण आहे. ते करड्या रंगाचं आहे. दाबलं तर सॉफ्टवेअरचा ‘परवाना उपलब्ध नाही’ अशी चौकट येते.

इंजेक्टर बिघडला तेव्हा कळलं की देखभालीच्या करारात सीटी यंत्र आहे, इंजेक्टर नाही. दोन्ही एकाच ट्रकमधून, एकाच दिवशी आले होते. व्हरांड्यात मात्र उद्घाटनाच्या दिवशीचा फलक आहे : ‘मेंदूच्या रक्तवाहिन्या व रक्तप्रवाहाची अत्याधुनिक तपासणी येथे उपलब्ध’. तो रोज ओल्या फडक्याने पुसला जातो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या या सरकारी रुग्णालयात रोशनी सहा वर्षं सीटी तंत्रज्ञ आहे. नेमणूक कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांची. वय चौतीस. वडील इस्तारी शेंडे ढिवर, गावच्या तलावात मासेमारी करणारे. मच्छीमार सोसायटीच्या वाट्याला आलेल्या पाण्यात ते आजही जाळं फेकतात. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात शिफ्टवर असतो आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. तो म्हणतो, ‘‘तू घरी आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नाईस, मशीन थंडी करून राह्यली का?’’ रोशनी त्यावर हसत नाही. ती फारशी हसत नाही. सहकारी तिला मागे ‘तिखट’ म्हणतात आणि तिला ते माहीत आहे.

मार्चचा शेवटचा मंगळवार होता. मोहाचे दिवस. या दिवसांत गावं पहाटेच रिकामी होतात. फुलं रात्री गळतात, आणि गुरं-हरणं यायच्या आत ती वेचायची असतात.

अकरा वाजून पाच मिनिटांनी १०८ची गाडी मागच्या दाराला लागली. स्ट्रेचरवर लटारू मानकर, वय बावन्न, अडतीस किलोमीटरवरच्या एका तलावाकाठच्या गावचा. तोही ढिवर, मासेमारीवरच घर चालणारा. उजवा हात आणि उजवा पाय पडलेला, तोंड डावीकडे ओढलेलं, बोलणं बंद. सोबत बायको रुखमाबाई, हातात प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं : लकवा, पहाटे चारपासून.

डॉक्टर अजय वाकडे ड्युटीवर होते. त्यांनी चालता चालता विचारलं.

‘‘बाई, कधीपासून असं?’’

‘‘म्या चार वाजता मोहाले गेली साहेब. तवा तो झोपून होता. सव्वानवाले वापस आली तं खाटेखाली पडून दिसला.’’

‘‘मधे कोणी पाहिलं त्यांना?’’

‘‘घरी कोणीच नाई. पोरगी सासरी आहे.’’

‘‘काही व्यसन? दारू, तंबाखू, खर्रा?’’

‘‘नाई साहेब. काहीच नाई.’’

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘४.००’ लिहिलं. त्यांचं चुकलं नव्हतं. पक्षाघातात वेळ मोजतात ती रुग्ण सापडला तेव्हापासून नाही. तो शेवटचा धडधाकट दिसला तिथून घड्याळ सुरू होतं. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. उशीर झाला तर त्याचा फायदा कमी होतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. चारपासून धरले तर सात तास उलटून गेले होते. इंजेक्शन रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये होतं. ते फ्रिजमध्येच राहणार होतं, आणि लटारूचा हात आणि वाचा या एका आकड्यावर जाणार होती.

रोशनीने त्याला टेबलावर घेतलं. डोकं पट्ट्यात बसवताना तिला त्याच्या ओठाच्या कडेला तपकिरी ओघळ दिसला. पक्षाघातात ज्या बाजूचा चेहरा पडतो त्या बाजूच्या गालात अन्न साचतं आणि ते श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून तिने हातमोजा घालून उजव्या गालातून बोट फिरवलं. खर्रा निघाला. तिने तो गॉजवर घेतला आणि नखाने सुपारीचा तुकडा दाबून पाहिला.

सुपारी कडक होती.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेलं मिश्रण. पाच-सहा तास तोंडात राहिला की त्यातली सुपारी मऊ पडते. रात्री खर्रा गालात ठेवून झोपणारे लोक आहेत. इस्तारी शेंडे त्यांच्यापैकीच एक. पण त्यांच्या तोंडातून सकाळी निघतो तो चोथा असतो. हा चोथा नव्हता. लटारू चारनंतर उठला होता, त्याने खर्रा मिळवला होता आणि तोंडात टाकला होता. ज्याने खर्रा मिळवला त्याला कोणीतरी तो दिला होता.

साधा स्कॅन अकरा वाजून बारा मिनिटांनी संपला. रक्तस्राव नव्हता. रोशनी गॉज हातात घेऊन बाहेर आली आणि रुखमाबाईला जिन्याखाली घेऊन गेली.

‘‘बाई, खर्रा कोणाच्या ठेल्यावरचा?’’

‘‘तो खात नाई व बाई.’’

‘‘हे त्याच्या गालातून काढलं.’’

रुखमाबाईने गॉजकडे पाहिलं, मग फाटकाच्या दिशेने. ‘‘मले बाहेर काढतीन.’’

‘‘कोण काढते?’’

‘‘गेटवरचा तो मानूस. म्हने, खर्रा भेटला तं पावती फाडीन आन् पेशंटले बी आत घेनार नाई.’’

रुग्णालय तंबाखूमुक्त आहे. फाटकाजवळ निळा ड्रम ठेवलेला आहे, त्यात जप्त केलेल्या पुड्या पडतात. येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशव्या तपासल्या जातात. त्यामुळे आत आलेल्या माणसाला विचारलं तर या जिल्ह्यात कोणीच खर्रा खात नाही. रोशनीला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तिच्या वडिलांना एकदा रक्तदाबासाठी आणलं, तेव्हा मुलीच्या समोर, लाल तोंडाने त्यांनी डॉक्टरांना ‘नाई’ सांगितलं होतं.

‘‘त्याचे दात पाहून ये जाय एकदा, त्या गेटवाल्याचे,’’ ती म्हणाली. ‘‘तो डॉक्टर आहे का? तो कोणाले काढत नाई. माझा बाप बी खातो. मी तुले रागावत नाई, मले टाइम पायजे. लवकर सांग.’’

रुखमाबाईने कमरेच्या ओच्यातून अर्धी वापरलेली पन्नी काढली. ‘‘मुठीत होती त्याच्या. डाव्या मुठीत. सुटत नोती. म्या ओढून काढली, म्हटलं लोकं हसतीन.’’ मग, ‘‘बुधूच्या ठेल्यावरची आहे. तो अशीच गाठ मारते.’’

बुधूचा नंबर गाडीवाल्याकडून मिळाला. रोशनीने फोन स्पीकरवर ठेवला आणि ती थेट डॉक्टरांच्या टेबलाशी गेली.

‘‘बुधूभाऊ, मी दवाखान्यातून बोलते. लटारूभाऊनं आज खर्रा नेला का?’’

‘‘कोन बोलते? पोलीस आहे का?’’

‘‘पोलीस नाई गा. शेंडेची रोशनी. लटारूभाऊले लकवा मारला. आजचा खर्रा किती वाजता नेला, तेवढं सांग.’’

‘‘लकवा? त्याले? अन् सकाळी तं माह्या ठेल्यावर तमाशा केला त्यानं! एसटी उभी होती ना, आठ दहाची. कंडक्टरले पुडी देऊन राह्यलो होतो तं हा मधी घुसला. मले पयले दे, मले जाळं वाळू घालाचं आहे, म्हने.’’

डॉक्टर वाकडे पुढे झुकले. ‘‘त्यांचं बोलणं कसं होतं? अडखळत होते का?’’

‘‘अडखळते कुठी साहेब! काल चुना जास्त झाला, गाल सोलला म्हून मले आईवरून शिव्या देल्या.’’

‘‘शिव्या स्पष्ट होत्या?’’

‘‘सगळ्या गाडीनं आयकल्या. बाया बी हसत होत्या.’’

‘‘आणि हात?’’

‘‘याच हातानं माही कॉलर धरली ना. उजव्या. मस्करीतच, पन बटन तुटलं.’’

रोशनीने फोन ठेवला. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. ‘‘काय लिहू मी इथे? पानठेलेवाल्याला शिवी दिली?’’

‘‘लिहा,’’ रोशनी म्हणाली.

त्यांनी ‘४.००’ खोडलं, शेजारी सही केली आणि लिहिलं : ‘शेवटचे स्पष्ट बोलणे व उजव्या हाताची पूर्ण ताकद सकाळी ८.१०. साक्षीदार बुधू, पानठेला. बसच्या वेळेवरून निश्चित.’ रक्तदाब आणि साखर पाहून अकरा अडतीसला इंजेक्शन दिलं गेलं. तीन तास अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

इथपर्यंतचं काम माणसांनी केलं होतं. पुढचं काम यंत्राचं होतं.

मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर नुसत्या इंजेक्शनने ती बहुतेक वेळा उघडत नाही. मांडीच्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गाठ ओढून काढावी लागते. ती सोय नागपूरला, एकशे साठ किलोमीटरवर. डॉक्टरांनी तिथल्या तज्ज्ञाला फोन लावला. तिथून उत्तर आलं : मोठी नळी बंद आहे हे दाखवा, म्हणजे टीम थांबवून ठेवतो. पर्फ्युजन असेल तर तेही पाठवा. तुम्ही पोचेपर्यंत सहा तास उलटतील, आणि सहानंतर किती मेंदू शिल्लक आहे हे पाहिल्याशिवाय आम्ही हात घालत नाही.

‘‘पर्फ्युजन होत नाही इथे,’’ डॉक्टर वाकडे म्हणाले.

‘‘तुमच्याकडे नवं मशीन आहे ना? यादीत ‘उपलब्ध’ आहे.’’

डॉक्टर वाकड्यांनी फोन ठेवला.

रोशनीने सिस्टर गिरजाला शिशाचा एप्रन घातला. इंजेक्टर नाही, तर हाताने ढकलायचं. दंडात जाड सुई, पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये रंगद्रव्य. ते मधासारखं घट्ट असतं. आधी कोमट पाण्यात ठेवून थोडं पातळ करून घेतलं. सिस्टर गिरजाचं वय सत्तावन्न, डाव्या मनगटात संधिवात. तिने सिरिंज पोटाशी टेकवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. स्कॅन चालू असताना आत रुग्णाशिवाय कोणी थांबू नये असा नियम आहे. ती थांबली. काचेपलीकडे रोशनी मानेच्या एकाच पातळीचा फोटो दर सेकंदाला घेत होती. मानेतली धमनी पांढरी होऊ लागली त्या क्षणी तिने बटण दाबलं. इंजेक्टर असता तर हे यंत्राने आपणहून केलं असतं. इथे ते तिच्या अंगठ्याने केलं.

फोटो धूसर आले, पण कामापुरते आले. डावीकडची मधली मोठी रक्तवाहिनी थोडी पुढे येऊन कापल्यासारखी थांबली होती. त्यापुढे काळं. उजवीकडची शेवटच्या फांदीपर्यंत भरलेली. लटारूची वाचा आणि उजवा हात त्या काळ्या भागात होते. त्यातलं किती मेलं होतं आणि किती तग धरून होतं, हे करड्या बटणामागे होतं. रोशनीने ते एकदा दाबलं. चौकट आली. तिने चौकट बंद केली.

बारा वीसला गाडी निघाली. चार वाजायला दहा मिनिटं कमी असताना नागपूरला पोचली. तिथलं सीटी यंत्र दुसऱ्या रुग्णावर चालू होतं. ते रिकामं व्हायला, मग अँजिओ आणि पर्फ्युजन नव्याने करायला मिळून सत्तेचाळीस मिनिटं गेली. वाचवण्यासारखा भाग अजून होता. गाठ पाच वाजून पाच मिनिटांनी निघाली.

त्या सत्तेचाळीस मिनिटांत नेमकं काय गेलं हे कोणी सांगू शकत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं : ‘‘तुमचं पर्फ्युजन आधी हातात असतं तर निदान मशीनची वाट पाहिली नसती. थेट गाठ काढायच्या टेबलावर घेण्याचा विचार तरी करता आला असता.’’

लटारू आता काठीशिवाय चालतो. उजवा खांदा वर होतो. कोपर वाकतं. बोटं उघडत नाहीत, आणि जाळं बोटांतून सुटावं लागतं. ‘हो’ आणि ‘नाई’ म्हणतो. बुधू भेटायला आला होता, तेव्हा तिसराही एक शब्द निघाला, जो इथे छापता येत नाही. बुधू तेव्हा रडला, असं रुखमाबाई सांगते. स्वतः ती रडल्याचं कोणी पाहिलेलं नाही. तलावात सध्या तिचा दीर जातो.

एप्रिलच्या पाच तारखेला मासिक अहवाल भरायचा होता. तो संगणकावर भरतात. ‘पर्फ्युजन तपासण्या’ या रकान्यात रोशनीने शून्य भरलं. शून्य भरलं की ‘कारण’ विचारलं जातं, आणि कारणांच्या यादीत एकच पर्याय आहे : ‘पात्र रुग्ण नाही’. तो निवडल्याशिवाय अहवाल पुढे जात नाही.

हा पर्याय तिने आधीच्या तेरा अहवालांत तेरा वेळा निवडला होता. त्याबद्दल विचारलं तर ती टाळत नाही. ‘‘मीच केलं ते. कोणी जबरदस्ती नव्हती केली. पुढे जात नव्हतं म्हणून दाबलं. तेरा महिन्यांत किती जण त्या टेबलावरून गेले ते मला माहीत आहे. त्यातल्या काहींना तरी याची गरज होती. मी लिहिलं, कोणीच नाही.’’

या वेळी तिने कोरा नमुना छापून घेतला आणि कारणाच्या जागी पेनने लिहिलं : ‘पात्र रुग्ण होता. लटारू मानकर, वय ५२. इंजेक्टर चौदा महिने बंद. परवाना कधीच सुरू केलेला नाही. फलकावर सुविधा उपलब्ध आहे.’ सही केली, आवक-जावकचा शिक्का घेतला आणि पाठवला. नऊ तारखेला तो परत आला. वर शेरा होता : ‘विहित नमुन्यात बदल करू नये. ऑनलाइन सादर करावे.’ सोबत वेगळ्या कागदावर खुलासा मागितला होता. स्कॅन सुरू असताना परिचारिका आत का होती? आणि रुग्णाचा पूर्वेतिहास घेणं तंत्रज्ञाच्या कार्यकक्षेत कधीपासून आलं? तिचं कंत्राट मे महिन्यात संपतं. त्या कागदावर याचा उल्लेख नव्हता. त्याची गरजही नव्हती.

डॉक्टर वाकडे म्हणाले, ‘‘रोशनीताई, दाबून टाका ते बटण. मी वरती तोंडी बोलतो.’’

‘‘तोंडी तुम्ही चौदा महिने बोलताय, सर.’’

‘‘तुमची नोकरी जाईल.’’

‘‘जाईल. मग या ठिकाणी पात्र तंत्रज्ञ नाही असं भरा. तो पर्याय असेल यादीत.’’

खुलाशात तिने दोन ओळी लिहिल्या. परिचारिका आत होती, कारण इंजेक्टर बंद आहे. पूर्वेतिहास घेतला, कारण रुग्णाच्या गालात तो होता. डॉक्टर वाकड्यांनी ते वाचलं. मग तिच्या सहीखाली त्यांनी स्वतःची सही केली. त्यांचंही कंत्राट अकरा महिन्यांचंच आहे.

आज बुधवार. दुपारी रुखमाबाई उद्याच्या तपासणीची चिठ्ठी घ्यायला आली होती. व्हरांड्यातल्या फलकाखाली थांबून तिने रोशनीला विचारलं, ‘‘काय लिवून आहे व यावर?’’ तिला वाचता येत नाही. रोशनीने वाचून दाखवलं, मग साध्या शब्दांत सांगितलं.

रुखमाबाईने पदर कमरेला खोचला. ‘‘म्या खर्ऱ्याचं एक खोटं बोलली तं मले फाटकावर धरत होते. ह्या पाटीले कोन धरते?’’

तिचा आवाज मोठा होता. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. फाटकावरचा माणूसही वळला, आणि मग ड्रमकडे बघत उभा राहिला. रोशनीने रुखमाबाईला गप्प केलं नाही. तिने चिठ्ठीवर वेळ लिहून दिली.

अहवाल अजून ऑनलाइन सादर झालेला नाही. कारणाची चौकट रिकामी आहे आणि तिच्याभोवती लाल रेघ आली आहे.

उद्या गुरुवार. ट्यूब सात बेचाळीसला तापायला लागेल आणि तक्त्यातल्या सातव्या ओळीत पुन्हा ‘बंद’ लिहिलं जाईल. यादीत अकरा नावं आहेत. चौथं लटारू मानकर : मेंदूचा सीटी, साधा, सकाळी साडेनऊ.